साधा भात आणि टोस्ट पुन्हा कधी खाता येईल? (वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचं जेवण)

निळी_छत्री

नमस्कार मंडळी,

माझी स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करण्यासाठी पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात ती) होऊन आता चौथा महिना चालू आहे. वजन उतरतंय, गुडघे हलके झालेत, जिना चढताना मध्ये थांबावं लागत नाही. त्या बाबतीत मी खूश आहे. प्रश्न जेवणाचा आहे, आणि तो इतका साधा आहे की तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही.

मला केक नकोय. आइस्क्रीम, चिप्स, मिठाया, यांची आठवणही फारशी येत नाही. मला हवाय तो रोजचा मऊ भात आणि त्यावर अंडं. आणि सकाळी कामाला निघण्याआधी एक टोस्ट. कित्येक वर्षं मी घर झोपेत असताना उठायचे, स्वतःपुरता टोस्ट भाजायचे, खिडकीपाशी उभं राहून खायचे आणि मग दिवसाला लागायचे. तेवढा वेळ फक्त माझा असायचा. आता त्या वेळेला मी प्रोटीनचं पेय पिते. ते वाईट नाही, पण त्यात माझं काही नाही.

आहाराच्या कागदावर द्रव, मग पातळ वाटलेलं, मग मऊ, असे टप्पे नीट लिहिलेत. शेवटच्या टप्प्यापुढे मात्र फक्त ‘हळूहळू नेहमीचं जेवण’ एवढंच आहे. गोड आणि तळलेलं टाळा, हे सगळेच सांगतात. रोजच्या साध्या खाण्याचं काय करायचं, ते कोणी सांगत नाही.

परवा ताज्या ब्रेडचा मधला मऊ भाग खाऊन पाहिला. नीट चावला होता. तरी दोन-तीन घासांत छातीच्या मधोमध दगड बसल्यासारखं झालं आणि तोंडात फेसाळ लाळ यायला लागली. अर्ध्या तासाने आपोआप मोकळं झालं, पण आता ब्रेडकडे बघायचीही भीती वाटते. भाताला तर अजून हातच लावलेला नाही. उकडलेलं अंडं, दही, मासे चालतात. चिकन एके दिवशी चालतं आणि दुसऱ्या दिवशी अडकतं, त्याचं गणित लागत नाही.

घरचे म्हणतात, ‘भात-ब्रेड सुटले ते बरंच झालं की!’ मायेनेच म्हणतात. पण मला ते सुटायला नकोत. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षं झालीत त्यांनी कृपया सांगा: हे परत येतं का? आणि येत असेल, तर कसं आणायचं?

---

रानजाई

येतं. घाबरू नका.

माझीही स्लीव्हच. भात सहा महिन्यांच्या आसपास आला, ब्रेडला त्याहून वेळ लागला. लाल मांस मात्र अजूनही नको वाटतं, वासानेच मळमळतं. त्याचं मला वाईट वाटायचं, आता नाही वाटत. प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला चौथ्या महिन्यात काय चालत होतं याची तुलना करत बसू नका.

---

संथ_घास

छत्रीताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्रीची भांडी तशीच ठेवून लिहायला बसलो. माझी गॅस्ट्रिक बायपास होऊन बरीच वर्षं झाली. पोटापाण्यासाठी मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो, म्हणजे दिवसभर भात, ब्रेड, चिकन यांच्यातच असतो. हे पदार्थ मला कायमचे सोडता येणारच नव्हते, म्हणून ते असे का वागतात हे मी बारकाईने बघत आलो. जे समजलं ते सांगतो.

आधी ब्रेड. तुम्ही नीट चावलात आणि तरी अडकला, यात तुमचं काही चुकलं नाही. ताज्या ब्रेडचा गाभा ओला आणि चिवट असतो. तोंडात लाळ मिसळली की त्याचे कण सुटे होत नाहीत, उलट सगळं एकत्र येऊन कणकेचा गोळा होतो. पूर्वीच्या मोठ्या, सैल पोटाला त्याचं काही वाटत नसे. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, सुरुवातीला शंभर-दीडशे मिली मावेल एवढी. पोटाचा वरचा भाग, जो जेवण आलं की सैल होऊन जागा करून द्यायचा, तोच गेलेला असतो. त्या नळीच्या तोंडाशी गोळा आला की तो तिथेच थांबतो. लाळ आणि फेस म्हणजे त्याला पुढे सरकवण्यासाठी शरीराने केलेली खटपट.

अशा वेळी वरून पाणी प्यायचं नाही. आपोआप हात ग्लासाकडे जातो, पण खाली वाट बंद असताना वर पाणी ओतलं की दाब वाढतो आणि सगळं उलटून येतं. खाणं थांबवायचं, सरळ बसायचं किंवा खोलीतल्या खोलीत चालायचं आणि वाट बघायची. तुम्ही तेच केलंत.

आता खरा मुद्दा. ब्रेड अडकला म्हणजे टोस्टही अडकेल असं नाही. भाजल्यावर पाणी उडून जातं, आणि चावला की त्याचा चुरा होतो, गोळा होत नाही. म्हणून सुरुवात आदल्या दिवशीच्या ब्रेडच्या पातळ कापाने करा, आणि तो मऊ बदामी न ठेवता चांगला कडक होईपर्यंत भाजा. एका कापाचा चौथा हिस्सा पुरे. आधी अंडं खायचं, टोस्ट त्याच्यानंतर.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून ठळकपणे सांगतो: सकाळी पहिल्यांदा करून बघू नका. आपल्यापैकी पुष्कळांचं पोट सकाळी आवळलेलं असतं आणि दिवस चढतो तसं सैल होतं. जो घास सकाळी सात वाजता अडकतो तोच संध्याकाळी सहज उतरतो, हे मी स्वतःवर आणि दुसऱ्यांवरही पाहिलंय. तुमचा टोस्ट पहाटेचा आहे, ते वाचून मला समजलं तो तुम्हाला इतका का हवाय. पण आधी काही दिवस तो संध्याकाळी खा. तिथे जमला की मग पहाटेकडे न्या.

भाताचं वेगळं. त्याचे दाणे लहान आणि मऊ, त्यामुळे न चावता गिळले जातात, आणि चिकट तांदूळ असेल तर ते एकमेकांना धरून बसतात. भात सैल हवा, ओला हवा आणि ताजा हवा. गार झालेल्या भातातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा कडक होतो, तो नुसता गरम करून पूर्ववत होत नाही. फ्रिजमधला उरलेला भात खाऊन ‘मला भात चालत नाही’ असं ठरवणारे मी पाहिलेत. त्यांना भात चालत होता, शिळा चालत नव्हता.

चिकनचं गणितही ओलाव्याचंच आहे. छातीचा तुकडा कोरडा, लांब धाग्यांचा. तो पुन्हा गरम केला की आणखी कोरडा होतो. ज्या दिवशी तुम्हाला चाललं त्या दिवशी ते बहुधा ताजं, रसातलं असेल. मांडीचा भाग घ्या, झाकण ठेवून मंद आचेवर रसात शिजवा, धाग्याच्या आडवे बारीक तुकडे करा. खिमा तर सगळ्यात सोपा.

माझ्याकडे बायपास असल्यामुळे आणखी एक भानगड आहे, ती इथल्या बायपासवाल्यांसाठी लिहितो. आमच्या पोटाचा कप्पा अगदी छोटा, सुरुवातीला तीसेक मिलीचा, आणि त्याच्या पुढे थेट लहान आतडं. गोड काही खाल्लं तर ते तसंच धाडकन आतड्यात जातं, तिथे पाणी ओढून घेतं, आणि दहा ते तीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळा. याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: इन्सुलिन जास्त सुटतं आणि रक्तातली साखर खाली जाते. मला नुसता पांढरा भात रिकाम्या पोटी खाल्ला की हे दुसरं होतं, हात थरथरतात. तोच भात अंडं किंवा मासा खाऊन झाल्यावर दोन चमचे घेतला की काही होत नाही. स्लीव्हमध्ये हे कमी दिसतं, पण होऊ शकतं, म्हणून लक्ष असू द्या.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. जे अडकतं ते वाईट आणि जे सहज जातं ते चांगलं असं मानू नका. बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम, चॉकलेट हे सगळं तोंडात विरघळून अलगद निघून जातं. पोट भरत नाही, त्रासही होत नाही, आणि माणूस दिवसभर थोडं थोडं तोंडात टाकत राहतो. ब्रेडच्या भीतीने बिस्किटांकडे वळलेले लोक मी पाहिलेत. तुमचा टोस्ट-अंडं त्या बिस्किटांपेक्षा शंभर पटींनी बरा.

---

निळी_छत्री

संथ_घास दादा, काय लिहू? दोनदा वाचलं. सकाळी पोट आवळलेलं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी ब्रेड सकाळीच खाल्ला होता!

अजून दोन शंका. मी शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत मुलांचं बघून हातात जेमतेम वीस मिनिटं उरतात. इतक्या वेळात सावकाश खाणं कसं जमवायचं?

दुसरी शंका जरा अवघड आहे. मला खरं सांगायचं तर भूक लागतच नाही. घड्याळ बघून खाते. पण भाताचा वास आला की हवासा वाटतो. भूक नसताना इच्छा होणं हे पुन्हा जुन्या वाटेला लागण्याचं लक्षण आहे का? या विचाराने कधीकधी झोप लागत नाही.

---

तळटीप

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तुमच्या टीमचा सल्ला माझ्या आधी धरा.

दुसऱ्या शंकेचं आधी सांगते, कारण तिने झोप उडवलीय. भूक आणि आवड या शरीरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक 1999 मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. ते मुख्यतः पोटाच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग काढला जातो. म्हणून तुम्हाला भूक लागत नाही. पण भाताची चव, त्याचा वास, तो कुणाबरोबर खाल्ला, हे सगळं मेंदूत आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही. भात हवासा वाटणं हे आजाराचं लक्षण नाही. काळजी तेव्हा करायची जेव्हा राग, थकवा किंवा एकटेपणा आला की प्रत्येक वेळी खाणंच आठवतं. तसं होत असेल तर समुपदेशकाशी बोला, त्यात कमीपणा काही नाही. तुमच्या लिहिण्यात मला ते दिसत नाही. काही महिन्यांनी थोडी भूक परत येईल, तेव्हाही दचकू नका.

मधल्या सुट्टीत नवीन पदार्थ अजिबात नको. जे हमखास उतरतं तेच डब्यात ठेवा: अंडं, मऊ मासा, घट्ट दही. वीस मिनिटांत जेवढं सावकाश जाईल तेवढं खा आणि उरलेलं तासा-दोन तासांनी खा, तेही चालतं. घाई केली तर अंडंसुद्धा अडकेल. भात-टोस्टचे प्रयोग घरी, निवांत वेळी, आणि एका वेळी एकच नवीन पदार्थ.

प्रमाणाबद्दल: बहुतेकांना दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात. चौथ्या महिन्यात पोटात जागा इतकी कमी असते की भाताने आधी ती भरली तर प्रथिनं राहूनच जातात. म्हणून प्रथिनं पहिली, मग भाजी, आणि भात शेवटी दोन-तीन चमचे. पाणी दिवसभरात दीड लिटर तरी, पण जेवताना नाही आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. गोळ्या आयुष्यभर चालू ठेवायच्या आहेत: बी-12, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. पोटातलं आम्ल कमी झालेलं असल्यामुळे कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं बरं, आणि लोह व कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचं अंतर. भात परत आला म्हणून गोळ्या सुटत नाहीत.

आता जे नक्की लक्षात ठेवायचं ते. एखादा घास अडकून सुटणं वेगळं. पण जे मऊ पदार्थ आधी चालत होते तेही अडकायला लागले, पाणीसुद्धा उतरेना, किंवा उलट्या थांबत नसतील, तर वाट बघत बसू नका. स्लीव्हची नळी किंवा बायपासमधला पोट-आतड्याचा जोड अरुंद झालेला असू शकतो. बहुतेक वेळा दुर्बिणीतून फुगा घालून तो रुंद करता येतो. उलट्या चालूच राहिल्या तर बी-1 जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं आणि त्याचा मेंदूवर, नसांवर परिणाम होतो, तेव्हा लगेच डॉक्टरांना कळवायचं. ताप, छातीत किंवा पोटात जोराची कळ, धाप, असं काही झालं तर थेट रुग्णालय.

आणि टोस्टचा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. काय उतरतं, काय अडकतं, किती वेळ अडकतं, यावरून आम्हाला पोट आतून कसं आहे याचा अंदाज येतो. तो आमच्या कामाचा प्रश्न आहे.

---

कोरा_कागद

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी भात आणि ब्रेड पूर्णपणे बंद केलेत. पहिल्या वर्षी दोन चमचेच खायचो. दुसऱ्या वर्षी पोटाची क्षमता वाढली, दोनाचे सहा कधी झाले कळलं नाही, आणि वजनाचा काटा परत वर सरकायला लागला. माझ्यासाठी ‘थोडंसं’ हे अवघड आहे, ‘अजिबात नाही’ हे सोपं आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर जास्तच विचार करावा. ताईंना भात आणायचा असेल तर जरूर आणावा, पण तो चमच्याने मोजून ताटलीत घ्यावा. भांड्यातून थेट घेऊ नये.

---

संथ_घास

कोरा_कागद, तुमचं म्हणणं मला पटतं, विशेषतः मोजून घेण्याचं. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं, आणि त्याबद्दल आधी बोललेलं बरं. ज्याला बंद ठेवून शांती मिळते त्याने बंदच ठेवावं.

फक्त सगळ्यांसाठी तो नियम करू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या इथे एक काका होते, त्यांनी आवडीचं सगळं एकदम बंद केलं आणि हळूहळू घरच्यांबरोबर जेवायला बसणंच सोडलं. वजन उतरलं, पण माणूस जेवणाच्या टेबलापासून तुटला. छत्रीताई तळणीचे पदार्थ मागत नाहीयेत. त्या एक अंडं, दोन चमचे भात आणि पहाटेची दहा मिनिटं मागतायत. शस्त्रक्रिया करून माणूस बरा होतो तो असं साधं जगता यावं म्हणूनच ना?

---

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार. सगळं वहीत उतरवून घेतलंय, कोरा_कागद यांचं चमच्याचंसुद्धा.

काल संध्याकाळी टोस्ट करून पाहिला. आदल्या दिवशीचा ब्रेड, कडक भाजलेला, चौथा हिस्सा, आधी अर्धं अंडं. एकेक घास तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावला. काही झालं नाही. उतरला. मुलगी समोर बसून होती, तिला कळेना आई टोस्ट खाताना रडते का आहे.

आता रविवारी भात करणार आहे. पाण्याचं प्रमाण किती धरू? आणि टोस्टबरोबर चहा चालेल का?

---

तळटीप

फार बरं वाटलं वाचून!

चहा टोस्टबरोबर नको. चहा आधी प्या, संपला की थोडं थांबून टोस्ट. किंवा टोस्टनंतर अर्ध्या तासाने. आणि लोहाची गोळी चहाच्या आसपास घेऊ नका, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. सकाळी चहा असेल तर लोह रात्री ठेवा, कॅल्शियमपासून लांब.

---

संथ_घास

एक भाग तांदूळ, पाच भाग पाणी. जमलं तर पाण्याऐवजी चिकनचं किंवा भाज्यांचं पातळ सूप घ्या, चवही येते. तांदूळ आधी अर्धा तास भिजवा. मंद आचेवर दाणा बोटाने दाबला की पूर्ण विरेल इतका शिजू द्या. मग आच बंद करा, एक अंडं चांगलं फेटून हळूहळू ओता आणि ढवळत राहा. अंडं भाताच्या उष्णतेने मऊ शिजतं, रबरासारखं होत नाही. पातळसर राहिलं असेल तर मिनिटभर पुन्हा मंद आचेवर ठेवा, कच्चं ठेवू नका. शेवटी मीठ.

पहिल्यांदा करताना तिखट, मिरपूड काही घालू नका. म्हणजे त्रास झालाच तर तो भाताचा की तिखटाचा हा गोंधळ होणार नाही. लहान चमच्याने दोन चमचे, दुपारी, घरी, घाई नसताना. आणि सोमवारी इथे लिहा, मी बघतो.